वरला वारा

नोकरीची पहिली सहा वर्षं मी वारा लिहीत होतो. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण खरंच तेवढंच काम होतं. जळगावच्या बाहेर सरकारी शेतकी फार्म होता. तिथे कपाशीच्या वाणांचे तुकडे, बैलांचा गोठा, बियाण्याचं गुदाम, आणि मागच्या उघड्या माळावर तारेच्या कुंपणात एक उंच खांब होता. खांबावर दोन यंत्रं. एक लोखंडी बाण, त्याला गडीमाणसं कोंबडा म्हणत. दुसऱ्याला चार वाट्या होत्या, त्या वाऱ्याने गरगर फिरत आणि खालच्या डबीत आकडे पुढे सरकत. सकाळी आठ वाजता मी फाटक उघडायचो, कोंबड्याचं तोंड कुठे आहे ते बघायचो, आकडे उतरवून घ्यायचो, त्यातून कालचे वजा करायचो आणि बुकात लिहायचो: दिशा अमुक, गेल्या चोवीस तासांत वारा इतके मैल चालला. मग दिवसभर बियाण्याच्या पोत्यांची इतर कारकुनी.

फार्मवरचे सोबती मला सकाळीच विचारायचे, काय रे, तुझा वारा आज कामावर आला का? मी चिडायचो. मी लवकर चिडणारा माणूस आहे, आणि तेव्हा तर मला माझ्या कामाचा ताठाही होता. व्हर्नाक्युलर फायनल झालेला, नदीकाठच्या खेड्यातला पोरगेला गडी, आणि सरकार त्याच्या हातचा आकडा पुण्याला मागवून घेतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात गेली होती. नवा शिपाई आला की मी त्याला कुंपणात नेऊन धडा द्यायचो. तो हमखास उलटं सांगायचा. बाण पश्चिमेला तोंड करून असला की म्हणायचा, वारा पश्चिमेला चालला. मग मी त्याला सांगायचो की वाऱ्याचं नाव तो जिकडून येतो तिकडचं असतं. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात, तसंच हे. एवढं सांगितलं की शिपायाला पटायचं, आणि मला मी फार हुशार वाटायचो.

अक्काला तर माझं कोण कौतुक. अक्का माझी थोरली बहीण. मी चड्डीत होतो तेव्हाच तिचं लग्न झालं आणि ती तापीपलीकडे, शिरपूरच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला दिली गेली. तिच्या सासरी कोणी पाहुणा आला आणि भाऊ काय करतो म्हणून विचारलं की ती सांगायची, “मना भाऊ वारा लिखस.” ऐकणारा हसायचा, पण ती हसत नसे. तिच्या घरात उफणणी तिच्याशिवाय होत नव्हती, आणि वारा लिहून ठेवण्यासारखी चीज आहे हे तिला कोणी पटवून द्यावं लागलं नाही. उफणायचा वारा कसा असावा ते ती मला सांगायची. पदराचं टोक उचललं जावं पण पदर डोक्यावरून पडू नये. सूप उंच धरलं तर हाताला ओढ लागावी पण सूप फिरू नये. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तो एकसारखा असावा. मधेच झोत आला की दाणेही भुसात जातात. मी मनात म्हणायचो, अडाणी बाईचं शास्त्र. माझ्या यंत्रात झोताला जागाच नव्हती. वारा दहा मिनिटं पिसाळला आणि मग दिवसभर निजला, तरी बुकात पडायचा तो एकच आकडा, साधा, शांत.

त्या साली, म्हणजे लढाई सुरू व्हायच्या आधी दोन-तीन वर्षं, आमची माय अंथरुणाला लागली. पोटात पाणी झालं होतं. अमळनेरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आखाजी काढील, पावसाळा काढणार नाही. मायला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलेलं असावं, कारण तिने एकच धोशा लावला: या आखाजीला अक्काला आणा. अक्का चार वर्षांत माहेरी आली नव्हती. एक वर्ष तिची सासू गेली, एक वर्ष दीराचं लग्न, मग दीर वेगळा झाला, मग काय आणि मग काय. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी आली नाही तर ते साल रितं जातं. झाडाला झोका बांधतात आणि पोरीबाळी नसल्या तर तो तसाच लोंबत राहतो. मायला झोक्याचं काही नव्हतं. तिला लेकीला एकदा डोळे भरून बघायचं होतं. मी रजा काढली, नरडाण्याला गाडीतून उतरलो, बैलगाडीने गावी गेलो आणि मायला सांगितलं की मी मुराळी होऊन जातो आणि घेऊनच येतो. बहिणीला आणायला जाणारा भाऊ तो मुराळी. माय खूप दिवसांनी हसली.

आमचं गाव तापीच्या दक्षिण काठाला. गावाखाली मोठा डोह, उन्हाळ्यातही पाणी उतरत नाही, म्हणून तिथे बारमाही नाव चालते. नदी उगवतीकडून येते आणि मावळतीकडे जाते. आमच्या गावात दिशा सांगायच्या त्या याच हिशोबाने. नदी येते ती बाजू वर, नदी जाते ती खाली. वरचं गाव म्हणजे पूर्वेचं गाव, खालचा मळा म्हणजे पश्चिमेचा मळा. वाऱ्यालाही तेच. उन्हाळ्यात दुपारभर पश्चिमेचा वारा सुटतो, धूळ डोळ्यांत घालतो आणि डोहात लाटा उठवतो, तो खालला. थंडीत पूर्वेकडून येतो तो वरला. मी पाचवीत भूगोल शिकलो, फार्मवर आठ दिशा इंग्रजीत लिहिल्या, तरी माझ्या आत कुठे तरी वर म्हणजे उगवत हेच बसलेलं होतं. माणूस पोटातली भाषा विसरत नाही, आणि मला त्याचा अभिमानच वाटायचा.

नावेने नदी ओलांडून, पुढे गाडीवाटेने, मी अक्काच्या मळ्यावर पोचलो तेव्हा आखाजीला तीन दिवस उरले होते. ते लोक गावात नव्हे, शेतातच राहत. धाब्याचं, मातीच्या छताचं, दोन खणी घर, त्याला लागून कडब्याने शाकारलेला गोठा, गोठ्यामागे कडब्याची गंजी. घराच्या उत्तरेला शेत, आणि शेत संपलं की जमीन चढत चढत डोंगराला भिडलेली. पश्चिमेच्या बाजूला दगडगोट्यांचा कोरडा नाला. घरात चौघंच माणसं: अक्का, तिचे मालक, ज्यांना मी दाजी म्हणायचो, तिचे सासरे आबा, आणि तिची धाकटी मुलगी, ती तेव्हा तिच्या आत्याकडे गेलेली होती. आबा सत्तरीचे, वाळकुंडे, बोलायला फार कमी. सकाळी उठले की अंगणात उभं राहून डोंगराकडे बघायचे, नाक वर करून वारा हुंगायचे, आणि आसपासच्या मळ्यांतली माणसं जाता-येता त्यांना विचारायची, आबा, आज कसं शे? ते एका वाक्यात सांगायचे. मला गंमत वाटली. म्हटलं, हा माझाच धंदा, बिनपगारी.

निघायला एकच अडचण होती. आखाजीपासून तिकडे शेतीचं नवं साल धरतात. शेत साफ झाल्याशिवाय नवं साल धरायचं नाही, आणि घरची बाई माहेरी जायची नाही, असा त्या घरचा रिवाज. बाकी सगळं झालं होतं. डोंगराकडच्या बांधाशी तुरीची धसकटं, वाळलेलं गवत आणि बोरीबाभळीच्या काट्या यांचा ढीग तेवढा जाळायचा होता. दाजी दोन दिवस थांबले होते, कारण खालून पश्चिमेचा वारा जोरात होता आणि ढिगाच्या पूर्वेला शेजाऱ्याची काट्यांची वई, म्हणजे कुंपण, होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वारा पडला. एकदम पडला. लिंबाचं पान हलेना, चुलीचा धूर सरळ वर चालला. मी दाजींना म्हटलं, आता उरकून घ्या, म्हणजे उद्या पहाटे आम्ही निघू, आखाजीच्या आदल्या दिवशी माय तिला बघेल.

दाजी आबांकडे बघायला लागले. आबा ओट्यावर बसले होते, त्यांनी डोंगराकडे पाहिलं. तिथे माथ्यावर ढगाचा एक काळपट गोळा होता, छोटासा, आमच्यापासून चांगला लांब. आबा म्हणाले, “आज नही. वरला वारा सुटी.” आणि उठून गोठ्याच्या सावलीत जाऊन आडवे झाले.

आता इथे मी काय विचार केला ते मी नीट लिहितो, कारण पुढची सगळी वर्षं मी तेवढाच विचार पुन्हा पुन्हा करत आलो आहे. वरला वारा म्हणजे पूर्वेचा. पूर्वेचा वारा सुटला तर आग पश्चिमेकडे जाणार. पश्चिमेला नाला, तिथे जळायला काय, तर दगड. म्हणजे वरला वारा सुटणार असेल तर याहून चांगला मुहूर्त नाही. मग म्हातारा नको का म्हणतो? मला वाटलं, म्हाताऱ्याला सून माहेरी जायला नको आहे. घरात दुसरी बाई नाही, भाकरीचे हाल होतील, म्हणून वाऱ्याचं निमित्त. हा विचार माझ्या मनात आला आणि मला तो लगेच पटला. माझ्या मायचे दिवस भरत आले होते आणि इथे एक म्हातारा भाकरीसाठी वारा पुढे करत होता.

तरी मी एकदा खात्री केली. अक्का आत गाठोडं बांधत होती. मायसाठी नवं लुगडं घेतलं होतं, ते ती घडी मोडून परत घडी घालत होती. मी दारातून विचारलं, “अक्का, आबा वरला म्हणतस, तो आपला वरलाच ना?”

“हाव,” ती म्हणाली. “आपलाच.”

तिने मान वर करूनही बघितलं नाही. तिचा चेहरा इतका आनंदात होता की मी आणखी काही विचारलं नाही.

मी बाहेर येऊन दाजींना सांगितलं की काही भय नाही. त्यांचा धीर होईना. बापाचा शब्द मोडायचा म्हणजे त्यांना जड जात होतं. मग ते म्हणाले, “तुम्ही सरकारना वारा मोजतस. तुम्ही सांगतस तं लावस.” मी सांगतो म्हटलं. मी त्यांना माझं शास्त्रही ऐकवलं: धूर सरळ वर जातो तेव्हा वारा शून्य धरतात, याच्या खाली आकडाच नाही. दाजींनी ढीग पेटवला.

पाव तास सगळं चांगलं चाललं. धूर खांबासारखा उभा होता. आम्ही दोघं काठ्या घेऊन कडेने फिरत होतो. मग एकदम थंड वाटलं. वैशाखाच्या दुपारी पाठीला गार हवा लागली तेव्हा मला बरंच वाटलं, हे मी लपवत नाही. मी मागे वळून पाहिलं तर डोंगराचा पायथा दिसेना. धुळीची भिंत उतरणीवरून खाली येत होती. ती आली उत्तरेकडून. डोंगरावरून. वरून.

त्यापुढचं मी सलग सांगू शकत नाही. झोत आला तो माणसाला ढकलून देणारा होता, आणि ढिगातल्या पेटत्या काट्या जमिनीवरून उचलून त्याने शेतावर फेकल्या. बांधाबांधाच्या वाळल्या गवतातून आग घराकडे धावली, आणि आम्ही तिच्या मागे धावत होतो. तिच्या पुढे जाणं शक्य नव्हतं. गोठ्याचं कडब्याचं छप्पर पहिल्यांदा पेटलं, मग गंजी. आत दोन बैल बांधलेले आणि सावलीला आबा. आबा बाहेर पळाले नाहीत. बैलांनी ओढून ओढून दाव्यांच्या गाठी आवळून टाकल्या होत्या, त्या ते हातांनी सोडवत बसले. एक सुटला. दुसऱ्याची गाठ सुटेपर्यंत वरचा कडबा खाली आला. दाजींनी त्यांना पायाला धरून ओढत बाहेर काढलं. तोवर सगळा मामला आटोपला होता. वारा जसा आला तसा गेला, पाण्याचे चार मोठे थेंब पडले, आणि ऊन पडलं.

आबा वाचले. त्यांचे दोन्ही हात मात्र कोपरापर्यंत भाजले होते, तळव्यांचं तर कातडंच गेलं होतं. शिरपूरच्या दवाखान्यातून पट्ट्या बांधून आणलं. घर धाब्याचं म्हणून राहिलं. गोठा गेला, सालभराचा कडबा गेला, एक बैल गेला, त्याचं ओरडणं मी इथे लिहीत नाही. आसपासच्या मळ्यांतली माणसं आली, विझवून गेली. मला वाटत होतं, कोणी तरी शिवी द्यावी.

दुसऱ्या दिवशी दाजी घुश्शात आबांशेजारी बसले होते आणि माझ्याकडे पाठ होती. आबांनीच तोंड उघडलं. “त्यानी चूक नही,” ते म्हणाले. “त्यानं वर येगळं शे. तो नदीना.”

तेव्हा मला कळलं. त्या पायथ्याच्या मुलखात नदी नव्हे, डोंगर सगळं ठरवतो. वर म्हणजे डोंगर, खाली म्हणजे नदीकडे. त्यांचा वरला वारा उत्तरेचा. डोंगरावर ढग बसला, चालता वारा एकाएकी मेला, पान हलेनासं झालं की तो सुटतो, थोडाच वेळ टिकतो आणि वाटेत येईल ते आडवं करतो, हे तिथल्या शेळ्या राखणाऱ्यालाही ठाऊक होतं. माझ्या हिशोबात ती शांतता शून्य होती. त्यांच्या हिशोबात ती धोक्याची सूचना होती. पुढे मी जळगावला परत गेल्यावर त्या दिवसाचं बुक उघडून पाहिलं. माझ्या जागी लिहिणाऱ्याने व्यवस्थित लिहिलं होतं: दिशा पश्चिम, वारा बेताचा. साधा दिवस होता.

अक्का येऊ शकत नव्हती. हे तिला सांगावं लागलं नाही आणि मलाही. आबांना हातच नव्हते. घास भरवायचा, पाणी पाजायचं, अंगावरची माशी हाकायची, सगळं तिनेच. गाठोडं तसंच कोपऱ्यात होतं. आखाजीच्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा तिने दारात उभं राहून एवढंच म्हटलं की मायला सांग, आबांचं जरा बरं झालं की येते. मी विचारलं, लुगडं नेऊ का? तर म्हणाली नको, मीच माझ्या हाताने नेसवीन.

नावेत बसल्यावर मला भीती वाटायला लागली. मायला काय सांगायचं? खरं सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. माझ्या लेकीचं घर माझ्या लेकाने जाळलं, हे तिने शेवटच्या दिवसांत ऐकावं का, असं मी स्वतःला विचारलं, आणि नको असं उत्तर दिलं. मी तिच्यासाठी नको म्हटलं असं तेव्हा वाटत होतं. ते खोटं आहे. मी माझ्यासाठी नको म्हटलं. मायच्या डोळ्यांत मी वारा लिहिणारा होतो आणि मला तसंच राहायचं होतं.

घरी आलो. माय दाराकडे तोंड करून पडली होती. तिने माझ्या मागे बघितलं. त्या क्षणी घरावरून खालला वारा सू सू करत चालला होता, कौलं वाजत होती. मी म्हणालो, डोहावर वारा फार आहे, नाव बंद ठेवली आहे, मी सकाळच्या पहिल्या नावेने निसटलो. अक्का पलीकडे ओळखीच्यांकडे थांबली आहे. वारा उतरला की येईल.

मायने विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? तिचा लेक सरकारचा वारा लिहीत होता. घरात माझी चुलती होती, तिला मी खरं सांगितलं. तेव्हापासून मी घरात असलो की ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. मी रजा वाढवून घेतली. रोज माय विचारायची, “कव्हय येई?” आणि रोज मी बाहेर जाऊन, आकाशाकडे बघून, आत येऊन तिला वारा सांगायचो. आज पश्चिमेचा आहे, जोर आहे. आज झोत फार आहेत, नावाडी तयार नाही. सहा वर्षांत मी जितकी मन लावून नोंद घेतली नव्हती तितकी त्या दिवसांत घेतली. आणि वाराही मला साथ देत होता, सारखा वाहत होता.

नवव्या दिवशी वारा पडला. मी बाहेर गेलो तर डोह आरशासारखा. पलीकडच्या काठावरचा कुत्रा भुंकला ते ऐकू आलं. मी आत आलो. माय डोळे मिटून कान देऊन होती. कौलं वाजत नव्हती.

“आज तं वारा पडना,” ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “आते येई.”

मी म्हणालो की इथे पडला आहे, पण मधल्या धारेला अजून आहे.

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येत नाही. मग अगदी हळू म्हणाली, “भाऊ, याच काठवर मना जलम गया.”

एवढंच. त्यानंतर तिने अक्का कधी येईल म्हणून विचारलं नाही. चुलतीला विचारलं नाही, मला विचारलं नाही. वारा पडलेलाच राहिला, आणि तीन दिवसांनी, बाराव्या दिवशी, सकाळी चहाच्या वेळेला ती गेली. लेक का येत नाही याचं तिने स्वतःशी काय कारण ठरवलं होतं, ते मला कधीच कळणार नाही. लेकीने टाकलं असंही ठरवलं असेल. त्या तीन दिवसांत मला केव्हाही खरं सांगता आलं असतं. मी तिच्या उशाशीच बसलेला होतो.

सांगावा गेला. अक्का दहाव्याला आली, आबांजवळ दिराला बसवून. नावेतून उतरली तेव्हा तिच्या काखेत ते गाठोडं होतं. लुगडं तिने नदीवर सोडलं. मग आम्ही दोघं काठावर बसलो आणि मी तिला विचारलं की तू त्या दिवशी आपलाच म्हणालीस, ते कसं? मला वाटलं होतं ती म्हणेल, मला नीट ऐकू आलं नाही. ती म्हणाली, “मी आठली राहिनी कोठे, भाऊ? मना आपला आते तठला शे.” वीस वर्षं त्या डोंगराखाली काढलेल्या बाईला मी आपला म्हणून विचारलं होतं, आणि मला वाटलं होतं की ती अजून आमचीच आहे. तिला वाटलं, मी वाटेच्या गाडीसाठी विचारतोय, पाठीवर वारा असेल का म्हणून.

थोड्या वेळाने तिने विचारलं की मायला तू काय सांगितलंस. मी सांगितलं: वारा आहे, नाव बंद आहे. किती दिवस, तिने विचारलं. शेवटपर्यंत, मी म्हणालो.

ती जरा वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “मंग माय वारावर रागावनी व्हई. मनावर नही.” मी हो म्हणालो. तिला बरं वाटलेलं दिसलं, आणि मलाही वाटलं की आयुष्यात एक खोटं तरी कामी आलं.

मग मी तिच्याकडे पाहिलं तर ती नावेकडे बघत होती.

“मंग मन्या सांजोऱ्या?” ती म्हणाली.

आखाजीनंतर चौथ्या दिवशी नावाडी एक फडकं घेऊन आमच्या दारी आला होता. आत अक्काने मायसाठी केलेल्या सांजोऱ्या होत्या. जळलेल्या गोठ्याशेजारी, आबांना एक घास भरवून एक लाटत, तिने त्या केल्या असणार. मी त्या मायला देऊ शकत नव्हतो, कारण नाव बंद होती. मी त्या फडक्यासकट नावाड्याला परत दिल्या आणि तुझ्या पोरांना नेऊन दे म्हणालो. हे मी तिला सांगितलं. तेवढं एक मी खरं सांगितलं.

आगीबद्दल अक्काने मला जन्मात कधी बोल लावला नाही. आबांनीही नाही, ते पुढे सहा वर्षं जगले आणि शेवटपर्यंत तिच्याच हाताने जेवले. मी वाऱ्याचं काम सोडून बियाण्याच्या गुदामात बदली मागून घेतली. पुढच्या आखाजीच्या आधी, रिवाजाप्रमाणे, मी मुराळी होऊन तिच्या मळ्यावर गेलो. तिने मला पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं, खुशाली विचारली. चल म्हटलं तेव्हा ती आबांना भरवत होती, तिने हात थांबवला नाही.

“आते कोनाकडे येवाचं?” ती म्हणाली.

मी दुपारी निघालो आणि नावेत एकटाच बसलो. वारा बेताचा होता. नाव वेळेवर लागली.